मोजे घालता येतात का?

खुब्याचं दुखणं घेऊन कुणी आलं, की मी पहिला प्रश्न विचारते तो मोज्यांचा. "मोजे स्वतःचे स्वतः घालता येतात का?" एमआरआयची पिशवी मांडीवर धरून बसलेल्या माणसाला वाटतं, बाई फाइल उघडायची सोडून मोज्यांत कुठे शिरली? पण खुब्याचा सांधा झिजायला लागला, की माणूस लंगडायच्या आधी मोज्यांशी अडतो. पाय वर येत नाही, गुडघा बाहेरच्या बाजूला वळत नाही. मग बायको मोजे घालून देते, नाहीतर गृहस्थ चपला वापरायला लागतात आणि "मला आताशा चपलाच बऱ्या वाटतात" असं सांगत फिरतात. बायकांना हाच प्रश्न मी जोडव्यांचा विचारते, किंवा पायाची नखं कोण कापतं असा.

११ जानेवारी २०१९ रोजी मेलबर्नमध्ये अँडी मरे पत्रकारांपुढे बसला. पहिल्याच साध्या प्रश्नाला त्याचा कंठ दाटला, तो उठून बाहेर गेला, काही वेळाने परत आला. दुखणं फक्त खेळताना होत नाही, बूट-मोजे घालतानाही होतं, असं तो म्हणाला. मी घरात टीव्हीसमोर डाळ निवडत बसले होते. तोंडातून निघून गेलं, "खुबा गेला याचा." दोनदा विम्बल्डन जिंकलेला, जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेला माणूस माझ्या पेशंटच्या भाषेत बोलत होता.

नाशिकमध्ये मी अठ्ठावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. टेनिसची आवड वडिलांची. दूरदर्शनवर विम्बल्डन लागलं की घरात कुणी बोलायचं नाही असा त्यांचा दंडक होता. त्यांना फटके दिसायचे, मला या पेशामुळे सांधे दिसतात. तेव्हा हा लेख सांधे बघणाऱ्या बाईचा आहे हे आधीच सांगून ठेवते.

निमित्त झालं आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. डिसेंबर २०२५मध्ये स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाने जाहीर केलं, की २०२६ हा आपला शेवटचा हंगाम. चाळीस वर्षांचा माणूस, तीन ग्रँड स्लॅम नावावर. बातमी पडल्या पडल्या ग्रुपवर सुरू झालं: "अजून खेळतोय हा?" "मरेचंही तेच झालं. वेळेवर थांबायला हवं होतं." "एवढं मिळवल्यावर कशाला शोभा करून घ्यायची?" लिहिणारे तिघंही निवृत्त, आणि तिघांपैकी दोघांचे गुडघे माझ्या हाताखालून गेलेले. मी तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहिते.

मरे आणि वावरिंका यांची नावं एका दमात घेतली जातात ती तीन या आकड्यामुळे. दोघांचीही ग्रँड स्लॅम तीन. मरेची २०१२ची अमेरिकन ओपन आणि २०१३ व २०१६ची विम्बल्डन. वावरिंकाची २०१४ची ऑस्ट्रेलियन, २०१५ची फ्रेंच, २०१६ची अमेरिकन. फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांनी सगळं ताट ओढून घेतलेल्या काळात दोघांनी तीन-तीन घास काढून घेतले. दोघांकडे ऑलिंपिकचं सुवर्ण आहे. मरेकडे एकेरीची दोन, वावरिंकाकडे फेडररबरोबर बीजिंगमध्ये दुहेरीत मिळवलेलं एक. स्वित्झर्लंडने पहिला डेव्हिस कप जिंकला २०१४ साली, ब्रिटनने तब्बल ७९ वर्षांनी तो परत मिळवला त्याच्या पुढच्याच वर्षी. मग वाद सुरू होतो की दोघांत मोठा कोण. मरे अकरा वेळा अंतिम फेरीत गेला आणि आठदा हरला, त्यातली पाच हार एकट्या मेलबर्नमधली. वावरिंका चारदाच गेला आणि तीनदा जिंकून आला. तिन्ही वेळा समोर त्या घडीचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. एक दारावर टकटक करत राहिलेला, दुसरा चार वेळाच आला पण आला की दार तोडून. एकूण विजेतेपदं मात्र मरेची ४६ आणि वावरिंकाची १६. हा वाद कॉलेजच्या कँटीनला शोभतो. मला त्यात रस नाही.

वावरिंकाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे तो मरेपेक्षा जास्त ओळखीचा असायला हवा होता. चेन्नई ओपन त्याने चारदा जिंकली: २०११ला, मग २०१४ ते २०१६ सलग तीन वर्षं. जानेवारी २०१४मध्ये चेन्नईचा करंडक उचलून तो तिथून ऑस्ट्रेलियाला गेला आणि महिना संपायच्या आत जोकोविच व नदाल दोघांना हरवून ग्रँड स्लॅम विजेता झाला. पुढे ती स्पर्धा चेन्नईहून पुण्याला, बालेवाडीला आली. पण २०१८च्या जानेवारीत आपल्याकडे ती पहिल्यांदा भरली, तेव्हा याचा गुडघा दुरुस्तीला होता. आमच्या नशिबाने नेहमी अशीच गाडी चुकते.

गुडघा का दुरुस्तीला गेला, तिथेच या दोघांचं खरं नातं आहे.

९ जून २०१७, शुक्रवार. पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनचा उपांत्य सामना. मरे तेव्हा जगात पहिला, वावरिंका तिसरा. आपल्याकडे संध्याकाळची वेळ, म्हणजे माझ्या ओपीडीची. वेटिंगमधल्या टीव्हीवर मी सामना लावून ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर येत होते. एका काकांच्या कमरेला शेक ठेवला होता तो पंचवीस मिनिटं तसाच राहिला. पॅक गार पडला तरी त्यांनी हाक मारली नाही, कारण पडद्याच्या फटीतून तेही बघत होते. पहिला सेट टायब्रेकवर मरेला, दुसरा वावरिंकाला, तिसरा ७-५ असा पुन्हा मरेला, चौथा टायब्रेकवर वावरिंकाला. वावरिंकाचा एकहाती बॅकहँड असा चालला होता की लाकूडतोड्याच्या हाती रॅकेट दिल्यासारखं वाटावं. त्या दिवशी त्याने ८७ विनर मारले. आणि मरे नेहमीसारखा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घसरत, पाय फाकवून, गेलेले चेंडू परत आणत होता. पाचवा सेट ६-१. चार तास चौतीस मिनिटं. वावरिंका जिंकला.

जिंकला म्हणायचं, इतकंच. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात नदालने त्याला ६-२, ६-३, ६-१ असं धुतलं. विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत तो हरला आणि ऑगस्टमध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, एक नव्हे दोन. मरेने त्याच विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी लंगडत खेळली, पाच सेटमध्ये हरला, अमेरिकन ओपन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी माघार घेतली, आणि जानेवारी २०१८मध्ये मेलबर्नला खुब्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. त्या शुक्रवारनंतर दोघांपैकी एकही जण पुन्हा ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोचला नाही. खुबा त्या सामन्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही, असं मरे पुढे स्वतःच सांगत आला. एका सामन्यात दोन माणसं संपली अशी दंतकथा त्यातून तयार झाली.

इथे मला पेशाला जागून थोडा मोडता घालावा लागतो. चार तासांत खुबा जात नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा पेशंट एक दिवस सांगतो: "मॅडम, बसमधून उतरलो आणि कट्कन आवाज आला." "त्या दिवशी गव्हाचं पोतं उचललं, तेव्हापासून." तो दिवस खरा असतो, पण त्याच्यामागे दहा वर्षं उभी असतात. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला ना रक्तवाहिन्या, ना वेदनेच्या नसा. त्यामुळे ती झिजताना ओरडत नाही आणि झिजली की भरून येत नाही. लोक म्हणतात, वंगण संपलं. शब्द चुकीचा आहे, पण मी तो दुरुस्त करत नाही, कारण माणसाला त्यातून जे कळायचं ते नेमकं कळतं. मरेचा खुबा पॅरिसच्या आधी कित्येक वर्षं कुरकुरत होता. उजव्या हाताचा खेळाडू पाय उघडे ठेवून फोरहँड मारतो तेव्हा सगळा भार आणि पीळ उजव्या खुब्यावर येतो. मरेचा गेला तो उजवाच. उजव्या हाताने सर्व्हिस करणारा उडी मारून डाव्या पायावर उतरतो, एका मोठ्या सामन्यात शे-दीडशे वेळा. वावरिंकाचा गेला तो डावा गुडघा. त्या शुक्रवारी फक्त दोन जुनी बिलं एकाच दिवशी वसुलीला आली.

यानंतर जे झालं त्याला माझ्या ग्रुपवरचे लोक 'शोभा' म्हणतात. मला वाटतं, या दोघांत जे सारखं आहे ते इथूनच सुरू होतं. त्याच्या आधीचं फक्त आकड्यांचं साम्य.

दोघंही परत आले. सहज नाही. मरेचं मानांकन २०१८च्या जुलैत ८३९पर्यंत घसरलं, वावरिंकाचं अडीचशेच्याही खाली. जगात पहिला आणि तिसरा असलेली माणसं ही. वावरिंकाच्या गुडघ्याला टाके पडल्यावर दोन महिन्यांत त्याचा प्रशिक्षक माग्नुस नॉर्मन त्याला सोडून गेला (नंतर परत आला, ती गोष्ट वेगळी). मरेची पहिली शस्त्रक्रिया कामाला आली नाही, आणि मग ती मेलबर्नची पत्रकार परिषद. तीन दिवसांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो बॉटिस्टा अगुतकडून पाच सेटमध्ये हरला. आयोजकांनी मैदानावरच्या पडद्यावर फेडरर, नदाल, जोकोविच यांच्या निरोपाच्या चित्रफिती दाखवल्या. माणूस जिवंत असताना त्याची शोकसभा बघावी तसं ते वाटलं.

पंधरा दिवसांत त्याने लंडनला दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली. या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून टाकत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खळगीत धातूचीच वाटी. आपल्याकडे गुडघा बदलला की लोक "आईच्या वाट्या बदलल्या" म्हणतात; इथे वाटी हा शब्द निदान बरोबर आहे. मरेने त्या एक्स-रेचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र अळंबी उगवावी तशी ती टोपी दिसते. मी तो फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे आणि शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या पेशंटना दाखवते. अमेरिकेचा बॉब ब्रायन अशीच टोपी बसवून दुहेरीत परतला होता, पण एकेरीचं धावणं ही वेगळीच जात. मरेने ते करायचं ठरवलं.

ऑक्टोबर २०१९. बेल्जियममधल्या अँटवर्पची स्पर्धा. मोठी नव्हे, मधल्या आकाराची. अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते नेमके हे दोघे. मरेचं मानांकन २४३. पहिला सेट वावरिंकाने घेतला, पुढचे दोन ६-४, ६-४ असे मरेने. सामना संपल्यावर मरे खुर्चीत बसून टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. वावरिंका हरला होता आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख मला काही दिसेना. तो बघत होता तसं आमच्या ओपीडीत पेशंट एकमेकांकडे बघतात. बारा क्रमांकाच्या बेडवरच्या बाईंनी पहिल्यांदा कुबडी सोडली की शेजारचे आजोबा बघतात ना, तसं.

अर्थात, प्रत्येक दिवस अँटवर्पचा नव्हता. २०२०च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिल्याच फेरीत वावरिंकाने मरेला ६-१, ६-३, ६-२ असं हरवलं. मी दुसऱ्या सेटनंतर टीव्ही बंद केला, बघवेना. स्वीडनचा माजी विजेता मॅट्स विलँडर तेव्हा म्हणाला होता, की मरेने असे वाइल्ड कार्डवर प्रवेश घेत राहणं म्हणजे एखाद्या होतकरू पोराची जागा अडवणं. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. वाइल्ड कार्ड मोजकी असतात, आणि जुन्या नावावर तिकिटं खपतात म्हणून आयोजक ती देतात. पण त्या काळात या दोघांनी काय केलं ते विलँडरसाहेबांनीही पाहिलं असेल. ते चॅलेंजर स्पर्धांत उतरले. चॅलेंजर म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याचं मैदान: रिकाम्या खुर्च्या, थोडी बक्षिसं, आणि समोर विशीतली पोरं, ज्यांच्या भिंतीवर कधीकाळी यांचीच पोस्टर होती. वावरिंका २०२०मध्ये प्रागला चॅलेंजर जिंकला. मरे २०२१ला इटलीत बिएलाच्या चॅलेंजरमध्ये अंतिम फेरीत हरला, आणि २०२३ला फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सची चॅलेंजर जिंकला. त्याच वर्षी अडतीस वर्षांचा वावरिंका क्रोएशियात उमागला एटीपीच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. मध्येच २०२१ला त्याच्या पायाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्या मी मोजतच नाही.

आणि मेलबर्न, जानेवारी २०२३. पहिले दोन सेट हरलेल्या मरेने कोकिनाकिसला पाच तास पंचेचाळीस मिनिटांत हरवलं. सामना संपला तेव्हा तिथे पहाटेचे चार वाजून गेले होते. मांडीत धातूची टोपी, वय पस्तीस. माझ्या पेशात तो सामना अभ्यासक्रमात लावायला हवा, असं मी एका तरुण सहकाऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, यात शिकण्यासारखं काय? हे करू नका, हेच ना?" तोही बरोबर होता.

आपल्या मैदानांवर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतं: लोक 'का?' म्हणतात तेव्हाच थांबावं, 'का नाही?' म्हणू लागायच्या आत. विजय मर्चंट यांच्या नावावर ते सांगितलं जातं. गावसकरांनी बंगळुरूला शेवटच्या कसोटी डावात ९६ धावा काढल्या आणि कसोटीतून बाजूला झाले, तेव्हापासून तर ते आपल्याकडे शास्त्र झालंय. कपिल देव हॅडलीचा विक्रम गाठेपर्यंत रेटत राहिला म्हणून नाकं मुरडणारे माझ्या घरात होते. तेंडुलकरच्या शंभराव्या शतकाची वाट बघताना, वर्षभर, पानाच्या टपरीवर त्याच्या निवृत्तीची तारीख रोज ठरत होती.

मला हे वाक्य पटत नाही. त्या वाक्यात ज्याला विचारायचं तो माणूसच नाही, सगळे 'लोक' आहेत. थांबण्याचा निर्णय बघणाऱ्याच्या सोयीने व्हावा असा त्याचा अर्थ निघतो: आमच्या आठवणीत तू सुंदर राहावास म्हणून तू आता घरी जा. मरेचं लहानपण स्कॉटलंडमधल्या डनब्लेनमध्ये गेलं. १९९६ साली तिथल्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने सोळा मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं, तेव्हा आठ वर्षांचा मरे त्याच शाळेत होता. त्यावर तो वर्षानुवर्षं बोलला नाही. बोलला तेव्हा सांगितलं, की टेनिस ही आपली सुटकेची जागा होती. वावरिंका वाढला लोझानजवळच्या एका खेड्यात, आईवडिलांच्या शेतावर, जिथे मानसिक आजारांतून आणि व्यसनांतून सावरणारी माणसं राहायला आणि कामाला असत. त्याने डाव्या हातावर सॅम्युएल बेकेटची एक ओळ गोंदवून घेतली आहे, पुन्हा पुन्हा हरण्याविषयीची. आणि ती त्याने पहिली ग्रँड स्लॅम जिंकायच्या आधी गोंदवली होती. अशा माणसांना 'किती जिंकायचं राहिलंय?' हा हिशेब लावून घरी पाठवणारे आपण कोण?

हे मी शहाणपणाने बोलत नाही. चुकून शिकले आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, डाव्या गुडघ्याच्या 'वाट्या' बदललेल्या. दहा सिटिंग ठरली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, फुगडी कधी घालता येईल?" त्या मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये होत्या, श्रावणात सुपाऱ्या घेऊन घरोघर, हॉलवर खेळ करतात तो ग्रुप. मी हातातला थेराबँड न सोडता म्हटलं, "फुगडी आता विसरा. जिना नीट चढता यायला लागला की देवाला नारळ फोडा." त्या "बरं" म्हणाल्या. आणखी एकदा आल्या आणि मग आल्याच नाहीत. उरलेल्या सिटिंगचे पैसेही भरलेले होते. मी फोन केला नाही. पेशंट बऱ्याचदा असेच गळतात.

दोन वर्षांनी माझ्या जावेच्या मुलीची मंगळागौर होती. ग्रुप बोलावला होता. झिम्मा सुरू झाला आणि ओळीच्या टोकाला या बाई. नऊवारीच्या आत नीकॅप होती, चालीवरून मला कळलं. पिंग्याच्या वेळी त्या बाजूला राहून गाणं धरत होत्या. बसफुगडीला नव्हत्याच. मग एका कॉलेजच्या मुलीबरोबर उभी फुगडी घातली. गुडघा मुडपलेला नाही, ताठही नाही, पावलं छोटी. चार फेरे. थांबल्या, हसल्या, पदर खोचला आणि पुन्हा टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. जेवायच्या वेळी ताट घेऊन माझ्या शेजारी आल्या. "मॅडम, चारच मारते हं. पूर्वी चाळीस मारायचे." जणू मीच कुणी परीक्षक होते आणि त्या सवलत मागत होत्या. गुडघा कसा ठेवायचा हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "कुणी नाही. स्वयंपाकघरात ओटा धरून महिनाभर बघितलं, कुठे दुखतं आणि कुठे नाही." ते शिकवायचं काम माझं होतं. मी मनाई करून मोकळी झाले होते.

तेव्हापासून मोज्यांच्या प्रश्नामागोमाग मी दुसरा विचारते: "तुम्हाला करायचं काय आहे?" कुणी म्हणतं मांडी घालून जेवायचंय, कुणी म्हणतं नातवाला खांद्यावर घ्यायचंय. एक आजोबा म्हणाले, बँकेच्या रांगेत खुर्ची न मागता उभं राहायचंय. काय शक्य आहे आणि त्याची किंमत काय, ते मी स्पष्ट सांगते. सांगून झालं की माझं काम संपतं. मरेने जून २०२४मध्ये पाठीच्या मणक्याजवळची गाठ काढून घेतली आणि दहा-बारा दिवसांत विम्बल्डनला भावाबरोबर दुहेरी खेळायला उभा राहिला. माझा पेशंट असता तर मी कडाडून विरोध केला असता. पण विरोध करणं वेगळं आणि 'शोभा' म्हणणं वेगळं.

त्याच्या महिनाभर आधीचा एक सामना राहिला. २६ मे २०२४, पुन्हा फ्रेंच ओपन, पुन्हा हे दोघं, पहिल्या फेरीत. मरे सदतीस, वावरिंका एकोणचाळीस. पॅरिसमध्ये रात्रीचं सत्र, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ मध्यरात्र. घरचे झोपले होते. मी आवाज बंद करून बघत होते. वावरिंका तीन सेटमध्ये जिंकला, ६-४, ६-४, ६-२. सामना खास नव्हता, खरं सांगायचं तर. मी बघत होते वावरिंकाचा डावा पाय, सर्व्हिसनंतर जमिनीला टेकताना. आणि मरेचा उजवा, वळताना. सात वर्षांपूर्वी याच मैदानावर हे दोघं जसे धावले होते त्याच्या निम्मंही आता धावत नव्हते, पण चेंडू कुठे येणार हे दोघांनाही आधीच कळत होतं. संपल्यावर नेटपाशी मिठी पडली ती बराच वेळ सुटली नाही. काय बोलले ते माइकवर आलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मरे थांबला. तोही त्याच रोलाँ गारोच्या आवारात, पॅरिस ऑलिंपिकमध्ये. डॅन इव्हान्सबरोबर दुहेरीत. पहिल्या दोन्ही फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांना मॅच पॉइंट मिळाले होते, ते वाचवून हे पुढे गेले. १ ऑगस्टच्या रात्री अमेरिकन जोडीकडून हरले. आपल्याकडे एक वाजून गेला होता. मी दोनला झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिल्याच पेशंट त्या फुगडीवाल्या बाई. आता खांदा धरलाय, उजवा. वेणी घालता येत नाही म्हणून आल्या होत्या. हात भिंतीवर बोटांनी वर चढवत नेण्याचा व्यायाम करून घेतला. कालच्यापेक्षा दोन बोटं वर गेला. डोळे चुरचुरत होते माझे. डायरी उघडून म्हटलं, "मंगळवारी या."

"मंगळवार नको हो मॅडम. सोमवारपासून श्रावण लागतोय. चारही मंगळवारच्या सुपाऱ्या घेतल्यात."

मी मंगळवार खोडला आणि बुधवार लिहिला.